फिटरदादांचे रिकामे रकाने

सायकल दुरुस्तीला नेली, तरी फिटरदादा तिला हात लावत नसत. पाना आपल्याच हातात देत. "मी हाय बाजूला. तुमी खोला." तळोज्याच्या कारखान्यात उभा जन्म फिटर म्हणून काढलेला हा माणूस आळशी आहे, असं आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटे.

पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकली डोंगराकडच्या वाडीतल्या मुलींना शाळेसाठी द्यायच्या, ही कल्पना माझी. मुली तासभर चालत हायस्कूलला येत. समिती झाली, मी अध्यक्ष झालो, फोटो निघाले. दादांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "मी मेल्यावर कोन?" सगळे हसले. मग त्यांनी दुरुस्तीचं सामान ठेवलेल्या शेडच्या भिंतीवर रविवारच्या पाळ्यांचा कागद लावला आणि आम्ही हौसेने नावं लिहिली.

पाळीला कोणी फिरकलं नाही. दादा मात्र दर रविवारी असत. तरी दुसऱ्याच्या रकान्यात त्यांनी कधी सही केली नाही. "माजी सई दिसली तर तुमाला वाटंल, काम चाललंय." माझ्या नावापुढचे रकाने रिकामेच राहिले.

वाडीतल्या, नववीत शिकणाऱ्या सुरेखाला त्यांनी पंक्चरपासून ब्रेकपर्यंत सगळं शिकवलं. पुढे दम्याने ते खचले, तेव्हा बैठकीत म्हणाले, "शेडची चावी सुरेखाला द्या. पोरी चालवतील." कोणीतरी म्हणालं, "वाडीतल्या मुलीला? सामान गेलं तर?" सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "सध्या माझ्याकडे राहू दे."

दादांनी अंथरूण धरलं. सुरेखा ब्रेकचे रबर मागायला दोनदा आमच्या दारी आली; दोन्ही वेळा मी पुढच्या रविवारचा वायदा केला. एका उतारावर तिच्या मैत्रिणीचा ब्रेक लागला नाही, पाय मोडला. घरच्यांनी सगळ्याच मुलींच्या सायकली बंद केल्या. दिवाळीनंतर सुरेखाचं कुटुंब वीटभट्टीवर निघून गेलं. भेटायला गेलो की दादा विचारत, "दिली का पोरीला चावी?" मी "दिली" म्हणायचो. त्याच समाधानात ते गेले.

परवा पळस्प्याजवळ एका इमारतीच्या कामावर डोक्यावर रेतीचं घमेलं घेतलेली सुरेखा दिसली. तिनेच मला ओळखलं.

"सर, दादा बरं हायत ना?"

मी "हो" म्हणालो.

"मंग सांगा त्यांना, मी इचारलं म्हून," ती म्हणाली आणि शिडी चढू लागली.