घरचं दूध

माझी लेक तीन वर्षांची असताना आमच्या घरात अधूनमधून एक शांतता यायची. त्या शांततेची मला अजून भीती वाटते. खेळता खेळता पोरगी गप्प व्हायची आणि बाल्कनीच्या पडद्यामागे जाऊन उभी राहायची. पडद्याखालून फक्त पावलं दिसायची, टाचा वर उचललेली. शी अडवून धरलेली असायची. एकदा खड्यासारखी शी होऊन रक्त आलं होतं, तेव्हापासून ती घाबरली होती, आणि धरून ठेवली की शी आणखी कडक व्हायची. मी हातातलं काम टाकून कान देऊन उभी राहायचे. मग ती किंचाळायची.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तर विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून आणूनच दिला. त्याचं काय करायचं ते खुणेनं दाखवलं. मी तो त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकला. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत, आणि माझं काही अडलेलं नाही.

आबांना असं झटकून टाकता येत नव्हतं. आबा म्हणजे माझे वडील. वळसंगला राहतात, गाय राखून आहेत. लेकीच्या लेकराला विकतचं दूध पाजायचं नाही, हा त्यांचा नेम. एक दिवसाआड मोटरसायकलला किटली अडकवून आमच्याकडे सोलापूरला यायचे आणि नातीला आपल्या हातानं पाजायचे. ती भाकरीला तोंड लावायची नाही, वरण थुंकायची, पण दूध गटागटा प्यायची. सकाळी दूध, दुपारी दूध, मध्ये रडली तर दूध. पोट साफ होत नाही म्हटल्यावर आबांनी त्यात तूप घालायला लावलं आणि पेला मोठा केला.

"लेकरू दूध पितंय तवर घोर न्हाय," ते म्हणायचे.

ते असं का म्हणतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलायचं नाही. माझ्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. अशीच तीन वर्षांची असताना तिचं पोट फुगलं, कडक झालं, आणि ती गेली. एवढंच आईनं मला सांगितलं होतं, तेही एकदाच, भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता. त्या मुलीचा फोटो नाही. तिच्यासाठी घेतलेली गाय मात्र पुढं कितीतरी वर्षं दावणीला होती. आजची गाय तिच्याच वंशातली. लहानपणी मी दूध नको म्हटलं की आबा रागवायचे नाहीत, नुसते पेला धरून समोर बसून राहायचे. मला तेव्हाही वाटायचं, हे माझ्याकडे बघत नाहीयेत. माझ्या जागी बसलेल्या दुसऱ्याच कुणाकडे तरी बघतायत.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, दिवसभरात काय खाते ते विचारलं आणि म्हणाल्या, "खाते कुठे ही? नुसत्या दुधावर आहे." दूध सकाळ-संध्याकाळ लहान कपभर. बाकी भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ, पपई, पेरू, भिजवलेल्या मनुका आणि पाणी. शी मऊ राहायला काही दिवस औषधही दिलं. जेवण झालं की पायाखाली पाट देऊन निवांत बसवायचं, रागवायचं नाही. हे शेवटचं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. कशावरून ओळखलं कुणास ठाऊक.

आबा आले, किटली ओट्यावर ठेवली, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी दूध पातेल्यात ओतलं आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. आता येणार नाहीत असं मला वाटलं. पण पुढच्या वेळी ते पपई घेऊन आले.

पोरीनं दुधासाठी आकांत केला. मग भूक लागली तशी आमटीत कुस्करलेली भाकरी खाऊ लागली. मनुका तर मुठीनं खायची. तरी बसायला तयार नव्हती. एका दुपारी जेवण झाल्यावर स्वतःच संडासात जाऊन बसली. आबा दाराबाहेर उकिडवे बसले होते. पुन्हा तीच शांतता. मी कान देऊन उभी होते, आणि आबाही कान देऊन आहेत हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"झालं," आतून आवाज आला.

"दुखलं का गं?" आबांनी विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली, अगदी त्यांच्यासारखं.

मी हसले, रडलेही. आबा हसले नाहीत. मी तिला धुऊन, चड्डी घालून सोडली, तरी ते तिथंच भिंतीला टेकून होते.

"दूध कमी केल्यानं झालं व्हय ह्ये?"

"त्यानं, आणि नीट खाल्ल्यानं."

मग आबा म्हणाले, "तिला तर आमी शेवटपतुर दूधच पाजलं की. दुसरं कायबी पोटात जाऊ दिलं न्हाय. दुधानंच झालं आसंल का तिला?"

"नाही आबा, तिचा आजार वेगळा होता," मी पटकन म्हणाले.

"तुला काय ठावं?"

हे ते रागानं म्हणाले नाहीत. मला खरोखरच ठाऊक असावं, अशा आशेनं ते माझ्या तोंडाकडे बघत होते.