आत्याबाईंची निरगाठ आणि हैदराबादचा झटका

दिराला मुलगी झाली आणि बारशाला या म्हणून हैदराबादेहून निरोप आला, तेव्हा तिकडं नोकरीला गेलेला हा दीर सोडला तर आमच्या घरातलं कुणीच बीडच्या पुढं गेलेलं नव्हतं. राज्य निजामाचं, राजधानी हैदराबाद, पण आम्हा धारूरकरांना ती काशीपेक्षा लांब. काशीला निदान म्हातारपणी तरी लोक जाऊन यायचे.

सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाईंचा स्वभाव असा, की सल्ला कुणीही देवो, त्या पाळायच्या. दोन सल्ले एकमेकांच्या उलट असले तर दोन्ही पाळायच्या. निरोप आल्याबरोबर, हैदराबाद बघून आलेल्या माणसांची दारं त्यांनी एकेक करून धरली.

सीताफळांचा व्यापार करणारे एक चाचा होते. ते दरसाल पाट्या घेऊन तिकडं जायचे. ते म्हणाले, "बहन, तिथं झटका मिळतो. एका घोड्याची गाडी. वजन पुढं ठेवा. समदे मागं बसलात तर घोडा आसमानात जातो." आत्याबाईंना वाटलं, चाचा गंमत करतायत. पण गल्लीतल्या म्हाताऱ्या जमादारांचं बोलणं त्यांनी मनावर घेतलं. जमादार म्हणाले होते, "शहराच्या ठेसनावर गर्दी अशी, की हात सुटला तर मानूस मेळ्यात हरवल्यावानी हरवतंय. बायामान्सांनी पदराला पदर बांधून उतरावं."

"बगा, कसं पटन्यासारखं हाय!" आत्याबाई घरी येऊन म्हणाल्या. गाठ बांधण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी मारलेली निरगाठ सोडवायला गडीमाणसंही दातओठ खायची.

दिवाळी सरली आणि आम्ही तिघं निघालो. आत्याबाई, मी आणि हे. परळीपर्यंत तेव्हा रूळ आले नव्हते, म्हणून परभणीला जाऊन आगगाडी धरायची. बालाघाटचा डोंगर उतरून बैलगाडीनं गंगाखेड, तिथं नावेतून गोदावरी ओलांडायची आणि पलीकडं दुसरी बैलगाडी करायची. दुधातल्या दशम्या, धपाटे आणि बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा बरोबर होता. कुणाला हैदराबादेला जायचं असेल तर दशम्याच न्या म्हणून मी सांगेन. धपाट्यांचा वास सुटला की आगगाडीचा अख्खा डबा तुमच्याकडं बघायला लागतो.

परभणीला हे पुरुषांच्या डब्यात चढले आणि आम्ही दोघी जनाना डब्यात. आत्याबाईंनी खिडकी धरली. हैदराबाद चुकून निघून जाईल, या धास्तीनं त्यांनी नांदेडच्या आधीच मान बाहेर काढली, ती आत घेतलीच नाही. माझ्या दुसऱ्या बाजूला एक अंगानं भरलेली तेलंगी बाई बसली होती. ती छान घोरत होती.

शहर जवळ आलं तसा डब्यात गोंधळ सुरू झाला. मी लाडवांचा डबा काढायला उठले आणि बाकावर चढून वरच्या फळीशी झटू लागले. तेवढ्यात गाडीनं हिसका दिला आणि तेलंगी बाई झोपेतच घसरून माझ्या जागेवर आली. आत्याबाईंचे डोळे बाहेरच. त्यांनी हात मागं करून चाचपलं, हाताला लागला तो पदर ओढला आणि आपल्या पदराला बांधून टाकला.

गाडी थांबली. "चल गं, उतर लवकर!" म्हणून आत्याबाई दाराकडं धावल्या आणि त्यांच्यामागं ती बाई बाकावरून उपटली गेली. ती दचकून जागी झाली आणि किंचाळली, "दोंगा! दोंगा!"

तेलुगूत दोंगा म्हणजे चोर, हे मला मागाहून कळलं. आत्याबाईंना ऐकू आलं टांगा.

"व्हय व्हय, टांगाच करायचा हाय!" त्या न वळताच ओरडल्या. "पर आदी खाली तर उतरू!"

मी फळीला लोंबकळत म्हणाले, "आत्याबाई, मी हितं हाय!"

त्या थांबल्या. माझ्याकडं बघितलं, पदराकडं बघितलं, मग त्या बाईकडं. "आगं बाई! मंग ही कोन?"

दोघी तशाच फलाटावर उतरल्या. भोवती ही गर्दी जमली. एक शिपाई आला, मागून धापा टाकत हे आले. आई अनोळखी बाईला बांधलेली बघून यांचा चेहराच पडला. शाळेत उर्दू शिकलेले म्हणून सगळं बोलणं यांच्यावर होतं. हे कमरेत वाकले आणि म्हणाले, "जनाब-ए-आली, खाकसार निहायत शर्मिंदा है." कुणी साहेब आलाय की काय, म्हणून शिपायानं मागं वळून बघितलं.

मग आत्याबाईच पुढं झाल्या. धारूरच्या बाजारात तीस वर्षं मुसलमान कासारणींशी घासाघीस करून आलेली दखनी बोली त्यांनी काढली. "ओ बई, हम चोर नै. गलतीसे गाठ पड गई. तुमारा घर किदर हाय?"

बाईला हे बरोबर कळलं. तिनं दोन्ही पदर उचलून बघितले आणि हसत सुटली. हसताना तिचं सगळं अंग हलायचं, आणि तिच्याबरोबर बांधलेल्या आत्याबाईही हलायच्या. गाठ सोडवायला शिपाई बसला, हे बसले, एक हमाल बसला. शेवटी हमालानं चाकू काढला. "नको!" "वद्दू!" दोघी एकदमच ओरडल्या. दोघींची लुगडी नवी होती.

बाईचा मुलगा न्यायला यायचा होता, तो आलाच नव्हता. ती म्हणाली, "मेरे घर कू चलो. बेगम बाजार. बहू खोलती."

बाहेर झटका उभा होता. बांधलेल्या दोघींना चढायला मागूनच सोपं, म्हणून त्या मागं बसल्या. बसल्या मात्र, आणि पुढचे दांडे वर गेले. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. ते बिचारं हवेतच पाय मारू लागलं. झटकेवाला दांड्याला लोंबकळून ओरडत होता, "अम्मा, आगे सरको! आगे!"

"आगं, चाचा खरंच सांगत व्हते!" आत्याबाई म्हणाल्या आणि जोडीदारणीला घेऊन पुढं सरकल्या. तशी गाडी पुढं कलली आणि घोडा खाली बसायला आला. मग झटकेवाल्यानं यांना वजन म्हणून वापरलं. चढ आला की, "मियाँ, आगे." उतार आला की, "मियाँ, पीछे." असं करत आम्ही शहरातून गेलो. मी रुंद रस्ते बघितले, दुमजली दुकानं बघितली, अत्तराच्या बाटल्यांच्या रांगा बघितल्या. यांनी फक्त घोड्याची शेपूट बघितली.

"चारमिनार कुठंय?" मी विचारलं.

"मला काय ठावं!" हे फळीवरून मागं रांगत म्हणाले.

बाईच्या घरी तिच्या सुनेनं केसांतला आकडा काढला, गाठीत घातला, दोनदा फिरवला आणि पदर मोकळे झाले. आत्याबाईंना ते फार आवडलं नाही. "कावून इतकी लवकर सुटली?" म्हणून त्या गाठीची जागा बोटांनी चाचपत राहिल्या. मग आम्हाला जेवल्याशिवाय सोडीनात. भात, चिंचेचं आंबट सार आणि लाल लोणचं. आत्याबाई आणि ती बाई जेवता जेवता सुनांबद्दल बोलत होत्या. अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत, आणि दोघींनाही सगळं कळत होतं. आम्ही दोघी सुना मुकाट्यानं भात कालवत होतो.

दिराच्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आम्ही कुठल्या गाडीनं येणार ते ठाऊक नसल्यानं दीर दोन खेपा स्टेशनवर जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा चुकामूक झाली होती. दुसऱ्या दिवशी बारशाला ती बाईही आली. तिनं पाळण्याशी बसून तेलुगूत अंगाई म्हटली आणि जाताना आत्याबाईंना लोणच्याची बरणी दिली.

परतीच्या गाडीत मी यांना दशमीबरोबर त्यातलं थोडं लोणचं बांधून दिलं होतं. मधल्या एका स्टेशनवर हे आमच्या खिडकीशी आले. डोळ्यांत पाणी, तोंड उघडं, हातानं नुसतं पाणी पाणी करत होते.

आत्याबाईंनी बघितलं आणि तांब्या पुढं करत मला म्हणाल्या, "बग, आता कुठं त्यानं हैदराबाद बगितलं."