ट्रॅक्टरची ट्यूब

तेलगावात पंक्चरवाल्यानं आमच्या ट्रॅक्टरची जुनी ट्यूब पाण्यात दाबली, भसाभस बुडबुडे आले, आणि ओल्या रबराच्या वासासरशी मी आमच्या गावच्या तलावावर जाऊन पोचले.

तो तलाव दुष्काळी कामावर झालेला. भर उन्हात आईनं आणि गल्लीतल्या बायांनी तिथली माती घमेल्यांनी वाहिली होती. पुढच्या पावसात तो तुडुंब भरला आणि सगळं गाव तिथं लोटलं. साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या मामानं एक ट्यूब आणली होती. पोरं आणि बापे तिला लोंबकळून पोहत होते. बाया काठावर धुणं धूत होत्या.

अचानक आईनं हातातलं धुणं टाकलं, लुगडं खोचलं आणि ती सरळ पाण्यात शिरली.

"अगं ताई, बुडशील!" मामा ओरडला.

"बुडते कावून? हा तलाव मी खंदलाय. खाली कुठं काय हाय, समदं म्हाईत हाय मला. आण ती ट्यूब इकडं!"

ती ट्यूबमध्ये बसली. लुगडं टम्म फुगलं, ट्यूब गरगर फिरली आणि आई अशी खदखदून हसली की काठावरच्या साऱ्या बाया धुणं सोडून पाण्यात उतरल्या.

तेव्हा मला आई केवढी मोठी बाई वाटायची! आज माझी धाकटी सून तिच्या तेव्हाच्या वयाची आहे.

"मावशी, ही गेली कामातून. टाकून देऊ का?" पंक्चरवाल्यानं विचारलं.

"टाकतोस कावून? ठिगळ लाव," मी म्हटलं. "सुनेला घेऊन तलावावर जायचंय."