मूठभर पीठ

परवा नातीच्या वहीत चित्रं चिकटवायला पिठाची खळ शिजवली. तो वास नाकात शिरला आणि बाहत्तरच्या दुष्काळातलं आमचं काष्टी गावातलं घर आठवलं.

मी दहा वर्षांची होते. आई खडी फोडायला गेली होती. मी एकटीच जुन्या लग्नपत्रिका, बिडीच्या पुड्याचे कागद, पतंगाचा निळा तुकडा फाडत बसले. डब्याच्या तळाशी उरलेल्या पिठातलं मूठभर घेऊन खळ केली आणि कोरडी पडलेली आमची विहीर पुठ्ठ्यावर काठोकाठ भरली. फाटक्या कडा एकमेकींना जुळत गेल्या तशी भूकही विसरले. असं सुख मला आधी ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी आईनं डबा उघडला. "पीठ कुठं गेलं गं?"

मी पुठ्ठा पुढं केला. तिनं फोड आलेल्या बोटानं निळा कागद चाचपला.

"लई पानी भरलंस," एवढंच म्हणाली. उरलेल्या पिठाची एकच भाकरी झाली. ती तिनं मला वाढली.

"आन् तू?"

"मी कामावर खाल्लं."

पुढं आयुष्यभर मी कागदांची चित्रं केली, लोकांनी ती वाखाणली. पण त्या संध्याकाळी आई खोटं बोलतेय, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी अख्खी भाकरी खाल्ली, आणि खाताना तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.