साध्या खाण्याचे उंदीर

आमच्या लॅबमधले किस्से फ्रीझरमधल्या बर्फासारखे आहेत. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण एक दिवस पाहावं तर दारच लागेना! म्हणून थोडे खरवडून काढतो.

मी बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा लॅब अटेंडंट. शिक्षण सातवी, ते भी मास्तरांची मेहरबानी. पण हसू नका. आमच्या वानखेडे मॅडमच्या पीएचडीची तीन वर्षं मी जवळजवळ पाण्यात घातली होती!

मॅडमचा विषय कोलेस्टेरॉल. त्यांनी मला समजावलं ते असं : "काका, काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, एन्झाइम असतात, म्हणजे समजा कामगार. ते कोलेस्टेरॉलचं पित्त करून बाहेर काढतात. पण प्रत्येक जनावराचे कामगार वेगळे. उंदराला चरबी खाऊ घातली की ते आणखी जोरात कामाला लागतात. सशाला घातली की हातावर हात ठेवून बसतात, आणि रक्तात नुसता साठा!"

बस! तेव्हापासून मी अख्ख्या स्टाफची वाटणी करून टाकली. हेडक्लार्कच्या डब्यात तुपाचा पराठा दिसला की विचारायचो, "साहेब, आधी सांगा, तुम्ही उंदीर की ससा?"

त्या माणसानं एका आठवड्यात दोनदा रक्त तपासून घेतलं!

*

बकऱ्याचं, कोंबडीचं काळीज भी लागायचं. मॅडम शाकाहारी, म्हणून बुधवारा मोहल्ल्यात रफीकभाई खाटकाच्या दुकानी मी जायचो. कापल्याबरोबर काळीज बर्फाच्या थर्मासमध्ये टाकायचं आणि गाडीला किक मारायची. गरम झालं की एन्झाइम मेलं, दिवस फुकट.

एकदा भर मे महिन्यात चौकात अडकलो. बर्फ वितळतोय, मॅडम घड्याळ बघत बसलेल्या. हवालदाराला ओरडलो, "साब, थर्मास में कलेजा है! खराब हो जायेगा!"

त्यानं शिट्टी मारून अख्खा चौक मोकळा केला.

दुसऱ्या दिवशी मला थांबवून काळजीनं विचारतो, "चाचा, मरीज बच गया ना?"

म्हटलं, "काम हो गया साब, पर बकरा नहीं बचा!"

*

मग मॅडमना बकऱ्याच्या किडनीवरची इवलीशी ग्रंथी हवी झाली. तिथले कामगार कोलेस्टेरॉलचं पित्त नाही, हार्मोन बनवतात म्हणे. एकच जनावर, पण जागा बदलली की काम बदललं.

रफीकभाईला म्हटलं, "किडनी के ऊपर की टोपी निकाल के दो."

"चाचा, चालीस साल से बकरे काट रहा हूँ. एक ने भी टोपी नहीं पहनी थी!"

शेवटी सापडली. वालाच्या दाण्याएवढी. रफीकभाई किती तरी वेळ ती बोटावर घेऊन बघत राहिला. "इतनी सी चीज पे डॉक्टर बनते हैं?"

*

दिवाळीच्या सुमारास मॅडम हसेनाशा झाल्या.

लॅबमध्ये उंदरांचे दोन गट होते. एक साध्या खाण्याचा, एक चरबीच्या खाण्याचा. चरबीवाल्यांचं एन्झाइम वाढायला हवं, साध्यांचं होतं तिथंच राहायला हवं. तो फरक दिसला नाही तर थीसिस संपली. आणि दोन्हींचं वाढलेलं, जवळपास सारखंच! मॅडमनी औषधं नवी केली, मशीन पुन्हा लावलं, पुन्हा तपासलं. तेच आकडे. त्यांचा डबा भरलेलाच घरी परत जायला लागला. सोमवारी इंदूरहून त्यांचे गाइड आकडे बघायला येणार होते.

त्यांना हसवायला मी ड्रॉवरमध्ये रबरी उंदीर ठेवला. किंचाळतील असं वाटलं होतं. मॅडमनी तो शेपटीला धरून उचलला आणि थकलेल्या आवाजात विचारलं, "काका, हा कोणत्या गटातला?"

घोळ कुठं झालाय हे अख्ख्या कॉलेजात एकट्या मलाच ठाऊक होतं.

*

शनिवारी मॅडम पिंजऱ्यांसमोर बसलेल्या. म्हणाल्या, "काका, मला हे जमतच नाही. सोमवारी सरांना सांगते, मी सोडतेय."

कसंबसं म्हटलं, "मॅडम, मशीन बरोबर आहे."

"कशावरून?"

"साध्या गटाला मी तुपात तळलेली मावा जिलेबी घालतो."

मॅडमनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"समोरचे चमचमीत खातात आणि हे बिचारे सुके दाणे चावत बघत बसतात. बघवलं नाही हो!"

मॅडमनी रजिस्टर ओढलं. "कधीपासून?"

"गणपतीपासून."

"रोज?"

"रविवार सोडून. पावभर आणायचो."

"पावभर? प्रत्येकाला किती द्यायचात?"

"चिमूटभर."

"आणि बाकीची?"

"ती... मी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सरांना खरं तेच सांगीन. वेळ दिला तर नव्या उंदरांवर पहिल्यापासून करू. पिंजऱ्यांची चावी माझ्याकडे राहील." मग कपाटातून रक्त घ्यायची नवी सुई काढली. "बाही वर करा."

"मॅडम, मी कशाला?"

"वर करा."

*

सरांनी सहा आठवडे दिले. बुधवारी लॅबमध्ये पोचलो तर हेडक्लार्क दारातच उभे, तुपाचा पराठा खात. माझ्याकडे बघून नुसते हसले.

आत नवे पिंजरे, त्यांवर मॅडमच्या सुंदर अक्षरात नव्या चिठ्ठ्या. पहिल्यावर 'साधा'. दुसऱ्यावर 'चरबी'.

तिसरी चिठ्ठी माझ्या स्टुलावर डकवली होती. 'ससा'.