मामाच्या शेडातलं घोरणं

माझ्या मामाच्या शेडातले किस्से गोळा करावे लागत न्हाईत. ऊस तुटल्यावर रानात पाचट साठतं, तसे ते आपोआप साठत्यात. पेट घेईल ह्याची धास्तीबी तेवढीच.

मामा फौजेतनं रिटायर झाला आणि कडेगावात उसाच्या कडंला पग कुत्र्यांचं शेड घातलं. चपटं तोंड, बाहेर आलेले डोळे. शेडाला कूलर, कूलरला इन्व्हर्टर, आणि दोन्हीला मी. माझं बीएस्सी झालंय, म्हणून कुत्र्यातलं सगळ्यात जास्त मलाच कळतं असं घरात ठरलंय.

शेडाचा नियम एकच. घोरणं ऐकू येतंय म्हंजे कुत्रं जित्तं हाय. नाक आत दबलेलं, त्यामुळं ती जागेपणीबी घोरत्यात. आवाज थांबला, की भिजलेली पोती घेऊन पळायचं. मला आता शांततेचीच भीती वाटती. लायब्ररीत बसवत न्हाई.

*

मामाच्या पोरीची हळद व्हती. भर उन्हात लाईट गेली, इन्व्हर्टरनंबी मान टाकली. मामा मांडवातनं ओरडला, "पोती!"

मामी, वाजंत्री, आचारी, सगळे भिजली पोती घेऊन शेडाकडं पळाले. नवरी हळदीच्या हातानं बर्फ फोडत बसली. नवे व्याही माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ह्यो तुमचा कुळाचार का?"

"व्हय," मी म्हणालो. "लाईट गेली की करावाच लागतो."

त्यांनी भक्तिभावानं एक पोतं उचललं.

सहा कुत्री वाचली. सातव्याला मामानं बांधावर पुरलं. फेटा काढायचंबी त्याला सुचलं न्हाई.

*

विट्याचं एक गिऱ्हाईक बारक्या पोरीला घेऊन आलतं. त्यानं पट्टा जरा जोरात ओढला आणि कुत्र्याचा एक डोळा खोबणीतनं बाहेर आला. पोरगी ओरडली न्हाई. तिनं सोताचे दोन्ही डोळे तळहातानं गच्च दाबून धरले.

डॉक्टरांनी डोळा आत बसवून पापणीला टाके घातले. म्हणाले, "आवं, असलं तोंड केल्यावर डोळ्यानं बसायचं कुठं?"

मामा म्हणाला, "पण गोड दिसतंय का न्हाई?"

*

साताऱ्याचे एक साहेब पिल्लू बघायला आले. चार उलटीपालटी केली. म्हणाले, नाक अजून जरा दबलेलं पायजे, फोटोत तेच खुलतं.

मी म्हणालो, "साहेब, ह्याच्यापेक्षा दाबलं तर मागच्या बाजूनं निघंल."

साहेबांनी पिल्लू फिरवून मागनं बघितलं. "तसलं आलं, तर पहिला फोन मला करा."

मी हसलो न्हाई. कारण मामानं त्यांचा नंबर लिहून घेतला.

*

चिमी आमची सगळ्यात जुनी कुत्री. तिची पिल्लं सगळ्यात चपटी, म्हणून तिला सारखी गाभण ठेवायची. तीन खेपा, तिन्ही ऑपरेशनच्या. डॉक्टर म्हणाले, "पिल्लांची डोस्की मोठी, हिची वाट बारीक. चौथ्यांदा पोट उघडलं, तर ही शुद्धीवर यायची न्हाई."

मामा म्हणाला, "एकच खेप. मग हिलाबी रिटायर करू."

ती माझ्या पायावर तोंड ठेवून घोरत व्हती. मी डॉक्टरांना विचारलं, गावठी कुत्र्यांचं कसं असतं? ते म्हणाले, त्यांची डोस्की निमुळती, आपआपली सुटत्यात.

रविवारी तिला साताऱ्याच्या नराकडं न्यायचं ठरलं. शुक्रवारी दुपारी मी शेडाची कडी लावली न्हाई. विसरलो न्हाई, लावली न्हाई. बाहेर मेंढरांसंगं आलेला काळू नावाचा गावठी कुत्रा व्हता. बारकासा, वाळका, पण नाक लय लांब.

रविवारी साताऱ्याचा नर दारातच धापा टाकत आडवा झाला. त्याच्यावरबी पोती टाकावी लागली. मामा तसाच परत आला. तरी महिन्याभरात चिमीचं पोट दिसाय लागलं.

मामा डॉक्टरांना म्हणाला, "नुसत्या नजरेनं! ह्याला म्हनत्यात ब्रीड."

मी मान हलवली. त्यानंतर मला जेवण गेलं न्हाई. डोस्की मोठी निघाली, तर तिला मीच मारलं असं व्हणार व्हतं. रोज तिच्या पोटावर हात ठेवून बसायचो. मामा म्हणायचा, पोरगं लय मायाळू हाय.

ऑपरेशनच्या सकाळी तिला न्यायला मामा शेडात गेला, मागोमाग मी. चिमीच्या कोपऱ्यात पिल्लं व्हती. चार, काळी, वळीनं झोपलेली. चिमी त्यांना चाटत व्हती, आणि घोरत व्हती. मी तिथंच खाली बसलो.

मामी दारातनं म्हणाली, "अगं बया, आपआपलीच व्याली की!" आमच्या शेडात असलं कुणी कवा बघितलंच नव्हतं.

मामाचं तिकडं ध्यान नव्हतं. तो पिल्लांवर वाकला. एकेकाच्या तोंडाला कान लावला. परत पहिल्यापास्नं लावला. त्याचं तोंड पांढरं पडलं, आणि त्यानं फोन लावला.

"डॉक्टर, पळत या. पिल्लं बिघडल्यात. श्वास घेत्यात, पण आवाजच येत न्हाई."