तुमच्या हातानं द्या

सकाळच्या गाडीनं कॅसलरॉकहून पाव घेऊन येणारा आंतोन त्या दिवशी लोंढ्याला माझ्या दारात आला तो रिकाम्या हातानं. मी चेष्टेनं म्हटलं, "काय रे, आज भट्टी रुसली की काय?" तो उंबऱ्यावर बसला. "आक्का, इजाबेलमावशी गेली. झोपेतच..." चुलीवरचा चहा उकळत होता, तो उकळतच राहिला. आता महिना उलटून गेला. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पावाच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षर शिकले. तेव्हा बोलते तसंच लिहीन, सांभाळून घ्या.

एकोणीसशे साल नुकतंच उलटलं होतं तेव्हाची गोष्ट. माझा बाप लाकूडतोडीत झाडाखाली सापडून गेला. आई मला घेऊन कॅसलरॉकला रेल्वेच्या मातीकामाला आली आणि हिवतापानं तीही गेली. शेजारी इजाबेलमावशीची पावाची भट्टी. नवरा गेलेला, मूल पाळण्यातच गेलेलं. तिनं मला उचललं, न्हाऊ घातलं, भट्टीच्या उबेला निजवलं. एकदा मी तिला आई म्हटलं, तर तिचं तोंड कसं उजळलं! आणि लगेच म्हणाली, "आई एकच असते, बाय. मला मावशी म्हण." रोज दिवेलागणीला क्रुसापुढं गुडघे टेकून ती आपल्या कोकणीत मागायची, "देवा, म्हाका मोग दी, आनी मोगाक गिन्यान दी." मला माया दे, आणि त्या मायेला शहाणपण दे. माया असली की झालं, तिला आणखी शहाणपण कशाला, असं मला वाटायचं.

पाद्रीबाब अधूनमधून गाडीनं मिसेची प्रार्थना सांगायला येत. मऊ मनाचा माणूस. म्हणाले, "पोरीला बाप्तिस्मा देऊया, इजाबेल. मग ती तुझीच." मावशीला याहून दुसरं काय हवं होतं? पण म्हणाली, "पाद्रीबाब, एवढीशी पोर पावाच्या तुकड्यालाही हो म्हणते. देवाला हो म्हणायचं तर तिला आधी कळू दे. आणि तिचं कुणी आहे का, ते मला बघू दे."

आणि बघितलं हो तिनं! सुप्याच्या बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाजवळ निरोप दिला. शेवटी रानातल्या वाडीवरून माझा मामा आला. घोंगडी सावरत दाराबाहेरच उभा. "भैन गेल्याचं आमास्नी कळलंच न्हाई, बाय. म्हातारी वाट बगत हाय. नातीला बगितल्याबिगर मरायची न्हाई म्हनती." मी पिठाच्या पोत्यांमागं लपले. मावशी किती तरी वेळ पीठच मळत राहिली. मग म्हणाली, "पोर देईन. पण घर आधी माझ्या डोळ्यांनी बघणार."

"बगा की. पर वाटंत जळवा लागतील."

"लागू देत. मला काय रक्त कमी आहे?"

दिवसभर चालून वाडी गाठली. आजीनं माझं तोंड कुरवाळलं, पण मावशीशी एक शब्द बोलेल तर शपथ. किरिस्तावणीनं नात बाटवली, हेच तिच्या मनात. मावशी बिचारी अंगणात झोपली, सकाळी माझी वेणी घातली आणि निघाली. मी बांधापर्यंत धावले, ओरडले, "तुला मी नकोच होते!" तिनं मागं वळून पाहिलं नाही.

पण महिन्याभरात हजर! डोक्यावर टोपली, आणि तीत पाव नाही. पाववाली असून नारळ आणि केळी घेऊन आलेली. आजीच्या घरात काय चालेल हे ओळखून होती ती. मी धावत जाऊन हात पुढं केला. तिनं केळ माझ्या हातावर ठेवलं नाही. आजीपुढं धरलं. "आजी, तुमच्या हातानं द्या."

आजीनं नाक मुरडलं. "का गं? माज्या हाताला सोनं लागलंय?"

"हो तर. माझ्या हातचं खाल्लं तर ती माझ्यामागं रडत धावेल. तुमच्या हातचं खाऊ दे. इथंच रुजू दे."

दर खेपेला तेच. मला असा राग यायचा म्हणून सांगू! पुढं पुढं मात्र भूक लागली, पडले, भ्याले, की मी आजीकडंच धावायला लागले, आणि मावशी ते अंगणातून बघत बसायची. मग एकदा आजीच म्हणाली, "तुजा त्यो पाव कसा असतोय गं? पोर सारकी सांगती." मावशी हसता हसता रडायला लागली. त्या दिवशी आजीनं तिला आत बोलावलं. मी दोघींच्या मधे झोपले.

मी किरिस्ताव झाले नाही, तिनं कधी विचारलंही नाही. लग्नात माझ्या ओटीत पहिला नारळ मात्र तिचाच पडला.

परवा तिच्या महिन्याच्या मिसेला गेले होते. येताना आंतोननं भट्टीतले गरम पाव बांधून दिले. वाटेत नातीकडं उतरले. माझी लेक बाळंतपणात गेली, जावयानं दुसरं लग्न केलंय. त्याची नवी बायको गरीब स्वभावाची आहे, दाराआड उभी राहते, पोर तिला जवळ येऊ देत नाही. मला बघताच पोर धावत सुटली, हात पसरून. लेकीचेच डोळे हो... माझाही हात पुढं झाला होता. तो तसाच वळवला आणि पुडी दाराकडं धरली. "ये गं बाई, तुझ्या हातानं दे तिला."

पोरीनं माझ्याकडं असं रागानं बघितलं! तो राग माझ्या चांगल्या ओळखीचा होता.